शूटिंगचा कचरा धुऱ्यावरच राहतो

सिनेमाच्या शूटिंगसाठी वेगळा पर्यावरण कायदा हवा, असं काही जण म्हणतात; मला ते तितकंसं पटत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीने चित्रीकरण आलंच आहे: अधिवासात बदल न करता, वन्यजीवांना त्रास न देता परवानगी. त्यामुळे ताडोब्यात जरब असते. पण जंगलाची हद्द संपली की आमचं शिवार, तिथं कोण विचारतो?

दोन वर्षांमागे आमच्या गावात आठ दिवस शूटिंग झालं. थर्माकोलचं देऊळ, रात्रभर डिझेल जनरेटर, पाण्याच्या बाटल्यांचा खच. (चहा मात्र फक्कड पाजला, खोटं कशाला बोलू!) गेले ते गेलेच. पहिल्या पावसात थर्माकोलचे दाणे नाल्याने वाहत कपाशीच्या तासात. वेचून वेचून आईची कंबर गेली. राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्या अन् सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. गणपतीचं मखर चालत नाही, सिनेमाचं देऊळ चालतं!

ग्रामपंचायतीने आधी अनामत रक्कम घ्यावी, शिवार साफ दिसलं की परत द्यावी. आमच्याकडे नुसती पावती फाडली, तीही दोन हजारांची.