केंद्रातल्या दिव्यांग मुलांच्या आयईपीची (प्रत्येक मुलासाठीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची) तपासणी नेमकी कशी करावी?

केंद्रप्रमुख_बीड

नमस्कार मंडळी. माझ्या केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, १२ शाळा आणि यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंदलेली २६ मुलं आहेत. तपासणीच्या प्रपत्रात रकाने असे: आयईपी तयार आहे का, साहित्य मिळालं का, रॅम्प आहे का. सगळीकडे 'होय' येतं आणि प्रपत्र वर जातं. वर्गात गेलं की तेच लेकरू मागच्या पट्टीवर गप्प बसलेलं असतं, वही दोन पानांपुढं कोरी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अर्ध्या दिवसाच्या शाळाभेटीत काय पाहावं, म्हणजे खरी स्थिती कळेल? आणि पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) या विषयाला दोन तास मिळालेत, त्यात सर्वसाधारण शिक्षकांना काय द्यावं, म्हणजे ते लगेच वर्गात दिसेल? कायद्यातल्या २१ प्रकारांची यादी वाचून दाखवणं नको, ते आजवर प्रत्येक प्रशिक्षणात झालंय.

विशेष_शिक्षक_परभणी

सर, फाइल शेवटी मागा. आधी लेकराची वही आणि हजेरी बघा, मग आयईपी उघडून फक्त उद्दिष्टं वाचा. 'गणितात प्रगती करणे', 'वाचन सुधारणे' असं लिहिलेलं असेल तर त्यात तपासण्यासारखं काहीच नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या मुलाच्या आराखड्यातही तीच ओळ सापडते, फक्त नाव बदललेलं.

उद्दिष्ट कसं असावं, तर 'चिंचोके मोजून १ ते २० मधली मागितलेली संख्या देतो, १० पैकी ८ वेळा बरोबर, डिसेंबरअखेर.' मग भेटीत चिंचोके समोर ठेवा आणि १४ मागा. पाच मिनिटांत कळतं. जमलं नाही तर उद्दिष्टच मोठं होतं की सराव झाला नाही, एवढंच गुरुजींशी बोला, रागावू नका. एका सत्राला तीन-चार उद्दिष्टं पुष्कळ झाली. पंधरा लिहिली की एकही शिकवलं जात नाही.

'साहित्य मिळालं' हा रकाना सगळ्यात फसवा. श्रवणयंत्र मिळालेलं असतं आणि कपाटात असतं. कानात असलं तरी सेल बघा. झिंक-एअर सेलवरचं स्टिकर काढलं की हवा लागून तो चालू होतो, मग यंत्र वापरा किंवा ठेवून द्या, सेल उतरतच राहतो. यंत्राच्या ताकदीप्रमाणे साधारण ८ ते १४ दिवस टिकतो. स्टिकर काढून डबीत जपून ठेवलेले सेल हमखास मेलेले निघतात. यंत्र शिट्टी मारत असेल तर कानातला साचा सैल झालाय. लेकरू वाढतं तसा कान वाढतो, साचा वर्षातून एकदा तरी नवा लागतो, लहानग्यांना त्याच्याही आधी. शिट्टी नको म्हणून आवाज कमी करून ठेवतात आणि तिथंच यंत्राचा उपयोग संपतो.

यंत्र चालतंय का, हे कोणत्याही शिक्षकाला दोन मिनिटांत तपासता येतं. मुलाच्या पाठीमागे एक मीटरवर उभं राहून नेहमीच्या आवाजात 'म्, ऊ, आ, ई, श्, स्' एकेक म्हणा. ऐकू आलं की मुलानं वाटीत एक मणी टाकायचा. मधलं अंतर मात्र बदलत ठेवा, नाहीतर मूल ठेका धरून मणी टाकत राहतं. 'श्' आणि 'स्' निसटत असतील तर त्याला 'सात' हा शब्द 'आत' असा ऐकू येतो, मग पाढे कसे येणार? अशा वेळी यंत्र तपासून घ्यायला पाठवा, मुलाला पहिल्या रांगेत घ्या आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं थांबवा.

निवृत्त_विस्तार_अधिकारी_लातूर

परभणीच्या सरांशी सहमत. दोन तासांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तीनच गोष्टी घ्या आणि तिन्ही हातानं करून घ्या.

पहिली, फिट. वर्गात मुलाला झटका आला की कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतं, कोणी दातात चमचा घालतं. हे थांबलं पाहिजे. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर ठेवायचं, गळ्याजवळचं बटण काढायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ लावायचं. पाच मिनिटांपुढे गेलं की थेट दवाखाना. एका शिक्षकाला सतरंजीवर आडवं करून हे प्रत्येकाकडून करवून घ्या.

दुसरी, बसणं. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड असलेल्या) मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात थरथरतो. कंबर, गुडघे आणि घोटे शक्यतो काटकोनात हवेत, पायाखाली फळी किंवा विटांचा पक्का आधार, पाटी छातीच्या खालच्या उंचीला. गावातला सुतार हे काम करून देतो.

तिसरी, उद्याचाच पाठ. प्रत्येकानं स्वतःचं पुस्तक आणायचं आणि एकाच पाठाला तीन तऱ्हांची उत्तरं ठरवायची: लिहून, तोंडी, चित्रावर बोट ठेवून. मूल्यमापनाची नोंदही तशीच करायची.

'प्रशस्त'ची, म्हणजे शाळेत दिव्यांगत्वाची शक्यता ओळखायची, पडताळणी सूची वेगळ्या दिवशी घ्या. त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा असतो. ती फक्त चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत आलेल्या मुलाला थेट 'दिव्यांग' म्हणून यू-डायसवर चढवणं चूक आहे.

परिषदेनंतर १५ दिवसांत शाळेत जा आणि तेवढ्या तीनच गोष्टी बघा. भेट झाली नाही तर प्रशिक्षण हजेरीपत्रकावरच राहतं.

राज्याच्या देखरेखीबद्दलही लिहितो, कारण सगळा भार केंद्रप्रमुखावर टाकणं अन्यायाचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला १० आणि पुढच्या वर्गांना १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठेवलं. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. तुमच्या २६ मुलांना या हिशेबानं दोन-तीन शिक्षक लागतात. आहेत किती, हा आकडा प्रत्येक शेऱ्यात लिहा. जे येतात त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू आहे का, तेही बघा. आणखी एक अडचण म्हणजे विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि जिल्हा परिषदेच्या शाळा शालेय शिक्षणकडे. मूल एकीकडून दुसरीकडे गेलं की आयईपी मागेच राहतो. टीसीसोबत आयईपीची प्रत जोडायची सवय तुमच्या केंद्रापुरती तरी लावता येईल.

केंद्रप्रमुख_बीड

सर, खूप उपयोगी. चिंचोके उद्याच दप्तरात ठेवतो. पण २६ पैकी काही लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्या आयईपीचं काय करायचं?

पालक_गट_धाराशिव

दादा, दसऱ्याच्या आधी तीन कामं उरका. आयईपीचं एकच पान करून लॅमिनेशन करा आणि आईच्या हातात द्या. त्यावर उद्दिष्टं, औषधाची वेळ, शिक्षकांचा फोन. फिटचं औषध असेल तर पूर्ण हंगामाचं नियोजन सरकारी दवाखान्यात करून घ्या. गोळ्या फडावर अचानक बंद झाल्या तर झटके वाढतात. श्रवणयंत्राचे सेल १५० दिवसांना यंत्राप्रमाणे एका कानाचे अकरा ते एकोणीस लागतात, स्टिकर लावलेलेच द्या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालेलं नसेल तर तेही आधीच. ते देशभर चालतं, त्यामुळे कारखान्याजवळच्या शाळेत नव्यानं कागद जमवावे लागत नाहीत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कार्ड हातात नाही म्हणूनही शाळेला लेकरू परत पाठवता येत नाही, हे पानाच्या मागे ठळक लिहून द्या. आईला वाचता येत नसेल तर तिच्या फोनमध्ये आवाजात भरून द्या, ती तिथल्या मुख्याध्यापकांना ऐकवू शकते.