नव्या लोको निरीक्षकासाठी सिग्नलिंग आणि सुरक्षा : सुरुवात कोठून करावी?

घाटउतार : बरीच वर्षे मालगाडी आणि नंतर मेल-एक्सप्रेस चालवल्यावर अलीकडेच माझी लोको निरीक्षक म्हणून पदोन्नती झाली आहे. सिग्नल पाहून गाडी चालवणे हाताला बसलेले आहे, पण माझ्याकडे सोपवलेले तरुण लोको पायलट आणि सहायक जेव्हा "सिग्नल असा का वागतो?" असे विचारतात, तेव्हा उत्तर अर्धवट राहते. रिले (विजेवर चालणारा स्विच), ट्रॅक सर्किट (रुळांतून वीज सोडून गाडी ओळखणारी यंत्रणा) आणि इंटरलॉकिंग (विसंगत सिग्नल व मार्ग एकाच वेळी मिळू न देणारी जोडणी) यांचा किती खोलवर अभ्यास करावा, कोणते साहित्य आधी वाचावे आणि समुपदेशनात (चालकांना नियम समजावून देण्यात) भर कशावर द्यावा, याबाबत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे. माझ्या हद्दीत घाटाचा भागही येतो.

रिलेरूम : पदोन्नतीबद्दल अभिनंदन. मी सिग्नल विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूने झुकलेले असेल. सर्किटचा नकाशा वाचता येणे आपल्याला आवश्यक नाही. ट्रॅक सर्किटवर चाक आले की रिले पडतो (वीज न मिळाल्याने सुटतो) आणि सिग्नल लाल होतो; पण रूळ तुटला, वायर तुटली किंवा वीज गेली, तरीही तोच रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो, एवढे पक्के समजले की निम्मी उत्तरे मिळतात. लाल दिवा प्रत्येक वेळी "पुढे गाडी आहे" असे सांगत नाही. कित्येकदा तो "पुढचे मला ठाऊक नाही" एवढेच सांगतो, आणि या दोहोंतला फरक इंजिनाच्या केबिनमधून दिसत नाही. गाडी ओळखणारे दुसरे यंत्र, अ‍ॅक्सल काउंटर, चाके मोजते; तुटलेला रूळ त्याला कळत नाही, हेही तरुण मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची, म्हणजे सिग्नलच्या पुढे मोकळ्या राखलेल्या अंतराची. बहुरंगी सिग्नल असलेल्या ठिकाणी लाइन क्लिअर (मागच्या स्थानकाला गाडी सोडण्याची परवानगी) देताना आपल्या स्थानकाच्या पहिल्या स्टॉप सिग्नलच्या पुढे १८० मीटर, तर गाडी स्थानकात घेताना स्टार्टरच्या (स्थानकातून गाडी सोडणाऱ्या सिग्नलच्या) पुढे १२० मीटर मार्ग मोकळा ठेवलेला असतो. जुन्या दोन-स्थितीच्या लोअर क्वाड्रंट (हात खाली झुकणाऱ्या) सिग्नलांसाठी हेच अंतर अनुक्रमे ४०० आणि १८० मीटर असे. काही चालकांच्या मनात हे अंतर म्हणजे आपल्याला मिळालेली सूट असते. ती सूट नव्हे. चूक झालीच तर अपघात टळावा म्हणून यंत्रणेने राखून ठेवलेली ती जागा आहे.

साहित्याचे म्हणाल तर सिकंदराबादच्या इरिसेट या रेल्वेच्या सिग्नल प्रशिक्षण संस्थेच्या टिपणांतील प्राथमिक भाग आणि ग्वाल्हेरच्या कॅमटेक या रेल्वेच्या देखभाल-तंत्रज्ञान केंद्राच्या पुस्तिका एवढे पुरे आहे. जनरल रूल्सचा (देशभरच्या रेल्वे नियमांचा) मूळ मजकूर मात्र आपल्या झोनच्या सब्सिडिअरी रूल्ससह (पूरक नियमांसह) वाचावा, कारण स्थानिक भर तेथेच असते.

जुना_फूटप्लेट : वरील उत्तराशी सहमत आहे, पण क्रम बदलावा असे सुचवतो. आधी सिग्नल बिघडल्यावरचे नियम, मग यंत्रणा. सर्व काही सुरळीत असताना चालक सहसा चुकत नाही. बंद सिग्नल ओलांडण्याचा कागदी परवाना हातात आला की खरी परीक्षा सुरू होते.

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील रंगापाणीजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून दिलेली धडक प्रत्येक लोको निरीक्षकाने अभ्यासावी. त्या भागात स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते आणि गाड्यांना टी/ए ९१२ हा असाच लेखी परवाना दिला जात होता. त्यावर वेगाचा उल्लेख नव्हता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून असे पुढे आले की, त्या सकाळी त्याच परवान्यावर गेलेल्या गाड्यांनी वेगवेगळे वेग धरले आणि प्रत्येक सिग्नलपाशी थांबून हळू जाण्याचा नियम पाळला तो एकट्या कांचनजंगाने. आयुक्तांनी लोको पायलट आणि स्टेशन मास्टर यांचे समुपदेशन अपुरे असल्याचेही नोंदवले. समुपदेशन हे आपलेच काम आहे, म्हणून हा अहवाल मला अधिक बोचतो. (सुरक्षा आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, हे बऱ्याच नव्या निरीक्षकांना माहीत नसते.)

म्हणून एकाच परवान्याचा कागद चार-पाच जणांसमोर ठेवावा आणि प्रत्येकाने वेग किती धरला असता, कोठे थांबला असता आणि किती वेळ, हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. 'ए' मार्करच्या (स्वयंचलित सिग्नलवर 'ए' अक्षर असलेल्या) लाल सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबून, शिट्टी देऊन, अडथळ्याच्या आधी थांबता येईल अशा बेताने पुढे जायचे, हे सगळ्यांना पाठ असते. पण पाठोपाठ दहा सिग्नल बंद असतील आणि वेळापत्रक कोलमडले असेल, तर दहाव्या ठिकाणी किती जण खरोखर थांबतील, ते फूटप्लेटवर (इंजिनात) शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

घाटउतार : दोघांचेही आभार. ओडिशातील बहनागा बाजारच्या रेल्वे अपघातात लोको पायलटला हिरवा सिग्नल मिळाला होता. मुले विचारतात, "मग सिग्नलवर विश्वास कशाला ठेवायचा?" याला काय उत्तर द्यावे?

रिलेरूम : २ जून २०२३ रोजीच्या त्या अपघातात गाडी चालवण्याची चूक नव्हती. सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या बदलांतील चुकीमुळे पॉइंट (रूळ बदलण्याची जागा) लूप लाइनकडे (स्थानकातल्या बाजूच्या मार्गाकडे) असतानाही सिग्नल मेन लाइनचा मिळाला. दोष आमच्या बाजूचा होता आणि तो तसाच सांगावा. चालकाने हिरव्यावर संशय घेऊन गाडी चालवावी असे त्यातून निघत नाही. मात्र सिग्नलचे काम चालू असलेल्या ठिकाणी सिग्नल आणि पॉइंट यांच्यात काहीही विसंगत दिसले, तर ते लगेच स्टेशन मास्टरला कळवावे.

जुना_फूटप्लेट : घाटाबद्दल एवढेच, की बोर घाटात १ : ३७ चा उतार आहे आणि कॅच साइडिंगचा (ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवणाऱ्या मार्गाचा) पॉइंट एरवी साइडिंगकडेच लावलेला असतो. हे तरुणांना नकाशावर दाखवू नये. दिवसा एकदा आणि रात्री एकदा सोबत नेऊन दाखवावे. स्टेशनच्या पॅनेलवर (सिग्नल चालवण्याच्या फलकावर) आणि रिले रूममध्येही एकेक दिवस घालवावा, पण रिले रूमला दुहेरी कुलूप असते आणि एक किल्ली स्टेशन मास्टरकडे, तर दुसरी सिग्नल मेंटेनरकडे असते. त्यामुळे सेक्शनच्या सिग्नल निरीक्षकांशी आधी वेळ ठरवूनच जावे.