मदत हवी आहे: बेघर तरुण मुलांची नशा आणि लैंगिक धोके कमी करण्यासाठी केंद्राचे नियम कसे असावेत?

नमस्कार मंडळी,

घर सुटलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी आमच्या गटाचं एक छोटं केंद्र आहे, फक्त दिवसा उघडं असणारं. अंघोळ, कपडे धुणं, दुपारी निवांत झोप, जखमेची मलमपट्टी आणि ज्याला हवं त्याच्याशी बोलायला माणूस, एवढंच तिथे मिळतं. सध्या एका नियमावरून आमच्यात तीव्र मतभेद आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. नियम असा की नशेत असलेल्याला आत घ्यायचं नाही.

त्यामागची भीती खरी आहे. आत वयाने लहान मुलं असतात, भांडणं होतात, नशेची देवाणघेवाण तिथेच सुरू होईल अशी धास्ती वाटते. पण दारातून परत पाठवलेलं पोरगं नशा उतरवायला जातं कुठे? जो रात्रीपुरता आसरा देतो त्याच्याकडे. आणि तो आसरा फुकट मिळत नाही. झोपायला जागा, खाणं किंवा पुढची पुडी मिळावी म्हणून शरीर द्यावं लागतं. मुलींना लागतं तसं मुलग्यांनाही, फक्त मुलगे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मग ते विसरायला पुन्हा नशा. कुणी थंडी कळू नये म्हणून घेतं, कुणी रात्रभर जागं राहता यावं म्हणून, कारण झोप लागली की अंगावर हात पडतो.

एवढा पीळ पडलेला असताना आम्ही व्यसनाचं सत्र वेगळं घेतो आणि काँडोम वाटप वेगळं. मला हे पटत नाही. शरीर द्यायला नकार दिला तर ज्याला रात्र उघड्यावर काढावी लागणार आहे, त्याला ‘काँडोम वापर’ सांगून काय उपयोग? त्या क्षणी निर्णय त्याच्या हातात नसतोच.

थोडं वाचन केलं. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेंबेरिस यांनी ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली. तिथे घर मिळण्यासाठी नशा सोडण्याची अट नव्हती. पण ती मानसिक आजार असलेल्या प्रौढांसाठी होती, आमची मुलं अजून वाढीच्या वयात आहेत. दुसरं म्हणजे अमेरिकेत नताशा स्लेसनिक आणि सहकाऱ्यांचं २००७ साली प्रसिद्ध झालेलं काम. रस्त्यावरच्या १४ ते २२ वयाच्या मुलांना त्यांनी आमच्यासारख्याच दिवसाच्या केंद्रातून ‘कम्युनिटी रीइन्फोर्समेंट’ पद्धतीचे उपचार दिले. या पद्धतीत नशेवर नुसतं बोट ठेवत नाहीत. काम, मैत्री, छंद, निवारा अशा नशेवाचून बरं वाटेल अशा गोष्टी एकेक करून उभ्या करतात. त्या मुलांचा नशेचा वापर ३७ टक्क्यांनी घटला, तर केंद्राची नेहमीची सेवा घेणाऱ्यांचा १७ टक्क्यांनी.

म्हणजे आधी मूल दाराच्या आत हवं, एवढं मला कळतं. प्रत्यक्षात ते कसं जमवायचं? कुणी असं केंद्र चालवलं असेल किंवा तिथे काम केलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतो आहे. आमच्याकडेही हाच नियम होता, तो आम्ही बदलला. आता अट वागण्यावर आहे: आत नशा करायची नाही, द्यायची-घ्यायची नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. नशेत आलेल्यासाठी वेगळी खोली आहे आणि तिथे एक मोठा माणूस सतत बसलेला असतो. त्या वेळी समुपदेशन अजिबात करत नाही. पाणी, पांघरूण, आणि शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवणं. हेरॉइनसारखी अफूजन्य नशा जास्त झाली तर तिचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन हे औषध जवळ ठेवा आणि ते द्यायला सगळ्यांना शिकवा. त्याचा असर नशेआधी ओसरू शकतो, म्हणून दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवायचीच आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. सोल्यूशन किंवा थिनर हुंगलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याला दचकवू नका. अशा वेळी हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो.

लैंगिक विषय गटात कधीच काढू नका. एकट्याला विचारा, ‘आज रात्री झोपणार कुठे?’ बाकीचं त्यातून आपोआप निघतं. अत्याचार झाला असेल किंवा काँडोम फाटला असेल, तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. आमची मुलं इथेच गळतात. म्हणून गोळ्या केंद्रात ठेवतो आणि रोज समोर देतो. हिपॅटायटिस बीची लसही विसरू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. वेगळ्या खोलीचा मुद्दा पुढच्या बैठकीत नक्की मांडते. अजून एक विचारायचं राहिलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने शोषणाबद्दल सांगितलं, की कायद्याने आम्हाला ते पोलिसांना कळवावंच लागतं. मूल मात्र ‘कुणाला सांगू नका’ म्हणतं, आणि कळवलं की परत येत नाही. हे तुम्ही कसं हाताळता?

प्रतिसाद १

त्याने तोंड उघडायच्या आधीच सांगतो: ‘तुझं बोलणं माझ्याकडेच राहील. पण तुला कुणी इजा करत असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि सांगताना मी तुझ्याबरोबर असेन.’ काही मुलं त्या दिवशी गप्प बसतात. बसू द्यावं. बरीचशी नंतर स्वतःहून येतात. कळवताना मुलाला शेजारी बसवा. कुणाशी काय बोलणं झालं ते त्याच्यापासून लपवू नका, आणि त्या रात्री तो झोपणार कुठे याची सोय आधी करून मगच फोन उचला.