मॉरिशसमधल्या भाऊबंदांना पहिलं पत्र: काय लिहावं, काय टाळावं?

देवगडकर

नमस्कार मंडळी. खापरपणजोबांचे थोरले भाऊ रामजी 1860 च्या आसपास मुंबईहून जहाजाने मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले, असं घरात सांगितलं जातं. तिथल्या एका कुटुंबाचा टपालाचा पत्ता आता हाती आला आहे. फोन, ईमेल काही नाही. त्यांचं आडनाव 'रामजी', आमचं वेगळं. पत्र कोणत्या भाषेत लिहावं? सोबत वंशावळ, फोटो, गावचा अंगारा, सातबाऱ्याची प्रत यांपैकी काय पाठवावं?

आगबोट

आडनाव जुळत नाही, हीच खरं तर आशेची जागा आहे. मॉरिशसच्या दफ्तरात उतरलेल्या माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहीत. पुढच्या पिढ्यांना बहुतेक वेळा तेच नाव आडनाव म्हणून चिकटलं. तिथे सावंत, राणे, परब शोधत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

पण कोकणात त्या काळी रामजी गावोगाव होते. नुसत्या नावावर 'आपण एकाच घरातले' असं लिहू नका. गाव, बापाचं नाव आणि जाण्याचं साधारण साल, या तीन गोष्टी जुळल्या तर नातं धरायचं. दोनच जुळल्या तर 'शक्यता आहे' एवढंच म्हणायचं. एकदा चुकीचं नातं जोडलं की दोन्हीकडची माणसं मनाने गुंततात आणि मागाहून ते तोडताना फार वाईट वाटतं.

हे जुळवायची जागा तिथेच आहे. गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. नोंदीत जहाज, वय, बापाचं नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण असा तपशील सापडतो. 1860 च्या दशकापासून पुढे काही जणांचे फोटोही आहेत. घरच्या जुन्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर तो क्रमांक असू शकतो. म्हणून पहिल्या पत्रात प्रश्न एकच विचारा: 'तुमच्या मूळ पुरुषाचा क्रमांक तुम्हाला माहीत आहे का?' याचं उत्तर एका ओळीत देता येतं. दहा प्रश्न विचारलेत तर पत्र 'सवडीने लिहू' म्हणून बाजूला पडतं.

गावाचं नाव लिहिताना जिल्हा 'रत्नागिरी' हाही द्या. तुमचा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदीत तो असणं शक्यच नाही. आणि कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं आहे. रत्नागिरीचं जुनं इंग्रजी रूपच 'रटनाघेरी' असं वाचलं जातं, मग वाडीच्या नावाचं काय झालं असेल! गावाचं नाव उच्चाराप्रमाणे दोन-तीन प्रकारे लिहून द्या.

टपालपेटी

भाषेबद्दल. तिथे घरात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) बोलतात, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच, सरकारी काम इंग्रजीत. मराठी शाळेत शिकवतात, पण घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल असं धरू नका. मुख्य पत्र सोप्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, एका पानावर. खाली चार ओळी देवनागरीत, मोठ्या टायपात. हस्ताक्षर कितीही सुंदर असलं तरी जोडाक्षरं वाचताना त्यांना अडेल.

वजनाचा हिशेब आधी करा, कारण परदेशी पत्राचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा आहे. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए-फोर कागद 5 ग्रॅम भरतो, लिफाफा साधारण तेवढाच, पोस्टकार्ड आकाराचा फोटो साडेतीन-चार ग्रॅम. पत्र, वंशावळ आणि दोन फोटो घातले की 20 च्या वर जातं. एकच फोटो घाला किंवा वरच्या टप्प्याचं तिकीट लावा. पहिलं पत्र ट्रॅकिंग मिळेल अशा सेवेने पाठवलेलं बरं, निदान पोचलं की नाही ते कळतं.

फोटो मूळ पाठवू नका. 300 डीपीआयला स्कॅन करून प्रिंट काढा. मागे नाव, साल, नातं पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

अंगारा, माती, तांदूळ, बी-बियाणं काहीही नको. भावना समजते, पण कागदाखेरीज वस्तू घातली की ते पत्र राहत नाही, कस्टम्सचा फॉर्म लागतो. माती-बियाणं तर वनस्पती-तपासणीत अडकतं आणि सोबतचं पत्रही अडकून पडतं. देवळाचा फोटो पाठवा.

पत्त्यात शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकटं लिहा. पाच अंकी पोस्टकोड मिळाला तर वगळू नका.

मोडीवाचक

सातबारा पाठवू नका, जमिनीचा शब्दही काढू नका. अनोळखी देशातून पत्र येतं, त्यात जमीन आणि जुना वारसा, म्हटल्यावर वाचणाऱ्याला आधी फसवणूकच आठवते. किंवा हे सही मागायला आले आहेत असं वाटतं. रामजींचं नाव खरंच उताऱ्यावर असेल तर तो विषय लपवायचा नाही, पण ओळख पटल्यावर, वेगळ्या पत्रात, वकिलाला विचारून.

जात, कुळी, देवक हेही पहिल्या पत्रात विचारू नये. विचारायचंच असेल तर गणपतीबद्दल लिहा. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. गोंधळ आणि आपल्या जाखडीशी नातं सांगणारा झाकरी नाच तिथल्या मराठी घरांनी जपला आहे. 'तुमच्याकडे हे अजून होतं का?' या प्रश्नाला माणसं आनंदाने उत्तर देतात.

सुरुवात अशी करता येईल, इंग्रजीत उतरवून घ्या:

'आपली ओळख नाही. तुमचा पत्ता मला अमुक यांच्याकडून मिळाला. माझ्या खापरपणजोबांचे भाऊ रामजी, वडिलांचं नाव अमुक, गाव अमुक, 1860 च्या सुमारास मॉरिशसला गेले. ते तुमचे पूर्वज असावेत असं वाटतं, पण मला खात्री नाही. पैसा, जमीन किंवा कागदपत्रं यांतलं मला काही नको. आमच्या घरात त्यांची आठवण अजून काढतात, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहीत आहे.'

पत्ता कुठून मिळाला हे वाक्य गाळू नका. सगळा विश्वास तिथूनच सुरू होतो.

देवगडकर

फार उपयोगी, आभार. वंशावळीत आजची मुलंबाळं घ्यावीत का? आणि ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) उल्लेख करावा का?

आगबोट

वंशावळ रामजी आणि तुमचे खापरपणजोबा या दोन भावांपासून सुरू करून तुमच्यापर्यंत आणा. हयात माणसांची फक्त नावं. जन्मतारखा, पत्ते नकोत. त्यांच्या शाखेच्या चौकटी रिकाम्या ठेवा, ती शाखा ते भरतील.

ओसीआय तूर्त नको. मार्च 2024 मध्ये मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ते देण्याची घोषणा झाली, त्यामुळे त्यांना तुमच्याकडच्या कागदांची गरज पडूही शकते. मागितले तर जरूर द्या. आपणहून आश्वासन दिलंत आणि कागद जुळले नाहीत तर नातंच दुखावेल.

टपालपेटी

उत्तरासाठी टपालाचा पत्ता, ईमेल आणि +91 लावून व्हॉट्सॲप नंबर, तिन्ही द्या. दोन महिने थांबा, मग एकच छोटं स्मरणपत्र. तरी उत्तर नाही आलं तर तिसरं पाठवू नका. फोन आलाच तर लक्षात ठेवा, मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे; आपल्या सकाळी आठला तिथे साडेसहाच वाजलेले असतात.