जॉन स्नोची आई कोण? थिअऱ्या, पैजा आणि वाट पाहण्याचे अनुभव

('गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका पूर्ण पाहिली नसेल, तर इथेच थांबा. खाली सगळी गुपितं उघडी आहेत.)

ही मालिका ज्यावर बेतली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चं पहिलं पुस्तक आलं १९९६ साली. तीन पुस्तकांत आटोपेल म्हणून सुरू झालेली ही गोष्ट. पाचवं पुस्तक यायला २०११चा जुलै उजाडला आणि सहाव्याची, 'द विंड्स ऑफ विंटर'ची, वाट आपण अजून पाहतोय. या एवढ्या वर्षांत आपण नुसते बसलो नाही. डोकी लढवली, भांडलो, पैजा लावल्या, हसून हसून मुरकुंडी वळेपर्यंत विनोद केले. म्हणून हा धागा. तुमची थिअरी कुठली होती, ती कुठे सुचली, घरात त्यावरून काय झालं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

पहिलं पुस्तक मी आणि ताईनं मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुनं घेतलं होतं. ती पुढे वाचायची, मी मागून. नेड हा स्टार्क घराण्याचा प्रमुख आणि जॉन स्नो हा त्याचा अनौरस मुलगा, असं सगळे समजतात. नेड तापात पडून स्वप्न पाहतो, त्या प्रकरणापाशी ती थांबली. स्वप्नात ओसाड डोंगरात एक बुरूज आणि समोर राजाचे तीन अंगरक्षक. राजा मेलाय, युवराज रेगार मेलाय, राणी ड्रॅगनस्टोनला निघून गेलीय. मग हे तिघे तिथे कुणाची राखण करतायत? आत नेडची बहीण लियाना रक्तात पडलेली आहे आणि भावाकडून वचन मागतेय. ताईनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "नेड जॉनचा बाप नाही गं. मामा आहे."

ही थिअरी पहिल्या पुस्तकानंतर वर्षभरातच वाचकांनी मांडली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. पण 'मामा' हा शब्द उच्चारल्यावर आमच्यासाठी गोष्टच बदलली. आपल्याकडे मामा म्हटलं की पहिला आठवतो तो कंस, बहिणीच्या मुलाच्या जिवावर उठलेला. आणि इथे हा मामा भाच्याला वाचवायला स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतो, बायकोची नाराजी जन्मभर सोसतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. इंग्रजीत एक 'अंकल' म्हटलं की काका आणि मामा दोघंही त्यात लपतात. मराठीत भाषांतर करणाऱ्यानं नेडच्या भावाला, बेंजेनला, काय म्हणावं? सुरुवातीला काका लिहिलं, तर गुपित फुटल्यावर त्याचाही मामा होणार!

मालिका करू पाहणाऱ्या दोघांना मार्टिन यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं म्हणे, जॉनची आई कोण? त्यांचं उत्तर बरोबर निघालं. २०१६च्या जूनमध्ये सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात ते पडद्यावर आलं. मी मुंबईत, ताई पुण्यात. फोन वाजला, मी उचलला, पलीकडून एकच शब्द आला, "मामा!" आणि आम्ही दोघी रडायला लागलो.

आता तुम्ही लिहा.

ठाणे

मामाचं झालं, आता आत्याचं ऐका. सातव्या सीझनचा शेवटचा भाग आपल्याकडे २८ ऑगस्ट २०१७ला सकाळी साडेसहाला आला. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं. आजी पहाटेच उठून दूर्वांच्या जुड्या करत बसली होती. मी आवाज बारीक करून पाहत होतो. जॉन आणि डेनेरिसचं जमलेलं पाहून आजी म्हणाली, छान जोडा आहे, ही कोण त्याची? मी म्हटलं, त्याच्या बापाची, रेगारची, सख्खी बहीण. आजीच्या हातातली जुडी खाली पडली. "अरे, आत्या ना ती त्याची! आत्याची मुलगी असती तर चाललं असतं!"

तेवढ्यात माझी खरीखुरी आत्या चहा घेऊन आत आली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठल्याही अशक्य गोष्टीला 'आत्याचं लग्न' म्हणतात.

आणखी एक आठवण, २९ एप्रिल २०१९ची. मुंबई-ठाण्यात लोकसभेचं मतदान आणि त्याच सकाळी मालिकेत स्टार्कांच्या किल्ल्याची, विंटरफेलची लढाई. ८२ मिनिटांचा भाग, ५५ रात्री जागून चित्रित केलेला, आणि पडद्यावर नुसता काळोख. आम्ही पडदे ओढले, खिडकीला चादरी लावल्या. बाबा दोनदा टीव्हीची वायर हलवून गेले. माझी पैज होती की मेलेल्यांच्या फौजेच्या राजाला, नाइट किंगला, जॉन मारणार. नेडच्या धाकट्या लेकीनं, आर्यानं मारलं. बहिणीला पैजेचे पाचशे रुपये दिले आणि दोघं मतदानाला गेलो. रांगेत आमच्यापुढे दोन मुलं उभी होती. बोटाला शाई लागायच्या आधीच त्यांचा वाद सुरू होता, आर्या एवढ्या प्रेतांतून आत शिरली कशी? आम्हीही वादात उतरलो.

निफाड

आमची द्राक्षबाग आहे. 'विंटर इज कमिंग' हे वाक्य लोक टी-शर्टवर घालतात. आमच्याकडे ते डिसेंबरात रोज संध्याकाळी खरोखर बोललं जातं. पारा चार-पाचवर आला की पाणी उतरलेले मणी तडकतात, पिकलेले घड हातचे जातात. मग पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक चालू ठेवायचं. माझा पुतण्या पुण्याला शिकतो. त्यानं मला ही मालिका लावून दिली. पहिल्याच भागात स्टार्कांचं ते ब्रीद ऐकलं आणि हा माणूस आपल्यातला आहे असं वाटलं. बाकीच्या घराण्यांची ब्रीदं म्हणजे बढाई. एकट्या स्टार्कांचं ब्रीद म्हणजे काळजी.

बागेत रात्री जागणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांना पुतण्यानं नाव दिलं, 'नाइट्स वॉच', म्हणजे मालिकेत बर्फाच्या भिंतीवर पहारा देणारे. आता गावात ते पडलंच. कुणी कांबळं घेऊन निघाला की समोरचा विचारतो, भिंतीवर चालला का?

माझी थिअरी अशी, की तिथले ऋतू बिघडलेत त्याला कारण आहे आणि ते मार्टिन साहेब शेवटच्या पुस्तकात सांगणार. वर्षानुवर्षं उन्हाळा आणि वर्षानुवर्षं हिवाळा, असं बिनकारणाचं होत नाही. मालिकेनं ते सोडून दिलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. सिंहासनावर कोण बसला यापेक्षा पीकपाणी पुन्हा वेळेवर येणार का, हा प्रश्न मोठा आहे.

डोंबिवली

होडोर, मालिकेतला फक्त 'होडोर' एवढंच बोलणारा धिप्पाड नोकर. मे २०१६. त्याचं नाव 'होल्ड द डोअर'चं तुटत तुटत उरलेलं रूप आहे, हे कळलं त्या दिवशी आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये कुणी पत्ते काढले नाहीत. मग कुर्ला गेल्यावर विषय निघाला की मराठीत हे कसं करणार? दार धर. भरभर म्हणून बघा. दार धर, दार्धर, दाधर, दादर.

दोन सेकंद शांतता आणि मग सगळा डबा हसला. कारण गाडी दादरलाच येत होती आणि आमच्यातला सगळ्यात आडवा-उंच गडी नेहमीप्रमाणे दारात हात लावून उभा होता, म्हाताऱ्या माणसांना उतरायला जागा करून देत. रोजचंच काम त्याचं. त्याला त्या दिवसापासून सगळे 'दादर' म्हणतात. गेल्या वर्षी त्याची बदली झाली. आता दादर आलं की कुणीतरी म्हणतंच, दार धरा रे.

बेलफास्ट

डोंबिवलीकर, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला. ती सध्या आमच्याकडे आली आहे. इथे उत्तर आयर्लंडमध्ये 'डार्क हेजेस' नावाची बीच वृक्षांची जुनी दुतर्फा रांग आहे, मालिकेतला 'किंग्सरोड' हा राजमार्ग. २०१६च्या जानेवारीत वादळानं त्यातली काही झाडं पाडली. त्या लाकडाची दहा दारं केली, सहाव्या सीझनच्या एकेका भागाचं कोरीवकाम एकेका दारावर, आणि ती इथल्या पब-हॉटेलांत बसवली. आम्ही स्ट्रँगफर्ड आणि कुशेनडन इथली पाहिली. वादळात पडलेल्या झाडांची दारं, आणि त्याच सीझनमध्ये होडोर दार धरून मेला. आईनं कोरीवकामावरून हात फिरवला आणि म्हणाली, हे झाड वाया नाही गेलं.

सातारा

मी वकिली करते, त्यामुळे माझी आवडती थिअरी पुराव्याची आहे. ज्यांनी फक्त मालिका पाहिली त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

रेड वेडिंग, म्हणजे लग्नाच्या मेजवानीत वादकांनी ठरलेलं गाणं सुरू करताच यजमान फ्रे घराण्यानं पाहुण्या स्टार्कांची केलेली कत्तल, मी आजीला जेवताना सांगितलं होतं. मार्टिन यांना स्वतःलाही ते प्रकरण इतकं जड गेलं की तिसरं पुस्तक पूर्ण झाल्यावर त्यांनी ते सगळ्यात शेवटी लिहिलं. आजीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मीठ खाल्लं होतं का त्यांनी?" मी चकितच झाले. कारण पुस्तकात नेडची बायको केटलिन मुलाला तेच बजावते, पोचल्याबरोबर भाकर आणि मीठ माग. ते खाल्लं की यजमानानं पाहुण्याला हात लावायचा नाही. आजी म्हणाली, "मग खाल्ल्या मिठाला यजमानच जागला नाही. त्याचं भलं होणार नाही." आजीला वेस्टरॉस कुठे ठाऊक? पण तिथला कायदा तिला तोंडपाठ होता.

आता पुरावा. पाचव्या पुस्तकात स्टार्कांना मानणाऱ्या लॉर्ड वायमन मँडर्लीच्या घरी तीन फ्रे पाहुणे आहेत. ते निघतात तेव्हा तो प्रत्येकाला घोडा भेट देतो. वाटेत तिघंही गायब. पुढे विंटरफेलच्या लग्नात मँडर्ली मांस भरून भाजलेले तीन भलेमोठे 'पाइ' घेऊन येतो, स्वतः वाढतो, स्वतः चवीनं खातो आणि गवयाला रॅट कुकचं गाणं म्हणायला सांगतो. त्या जुन्या गोष्टीत स्वयंपाक्यानं राजपुत्राला मारून राजालाच खाऊ घातलं होतं. पण देवांनी शाप दिला तो खुनासाठीही नाही आणि त्या जेवणासाठीही नाही, घरी आलेल्या पाहुण्याला मारलं म्हणून.

मग मँडर्ली सुटला कसा? ते घोडे म्हणजे बोळवण. निरोपाची भेट हातात पडली की पाहुणचार संपला. आजीच्या भाषेत, "बोळवण केली, आता तो वाटसरू." कायद्याचं कलम न मोडता सूड! लेखकानं हे कुठेही उघड लिहिलेलं नाही, सगळं आपल्यावर सोडलंय. मी हे प्रकरण सात-आठ वेळा वाचलं असेल आणि दर वेळी त्या घोड्यांपाशी अंगावर काटा येतो.

औरंगाबादचं हॉस्टेल, आता बंगळूरु

आमच्या मजल्यावर रात्री एक वाजता थिअऱ्यांचं संमेलन भरायचं. जगभरच्या चाहत्यांनी गमतीनं काढलेल्या थिअऱ्या गंभीर चेहऱ्यानं सिद्ध करायच्या, हा नियम. व्हॅरिस हा जलपुरुष आहे. टिरियन हा काळात मागे गेलेला गर्भ आहे. रूस बोल्टन माणूसच नाही, शतकानुशतकं मुलांची कातडी पांघरून जगणारा कुणीतरी आहे. शेवटची सिद्ध करायला माझ्याकडे होती. फिके डोळे, वय न दिसणारा चेहरा, जळवा लावून रक्त काढणं, कातडी सोलणारं घराणं. बोलता बोलता माझा स्वतःचा विश्वास बसला आणि ऐकणारे तिघं त्या रात्री एकाच खोलीत झोपले. त्यांतले दोघं आजही माझे सगळ्यात जवळचे मित्र आहेत. त्यांतल्या एकाच्या लग्नात मीच बँडवाल्याला आधी विचारून आलो, गाणी कुठली वाजवणार?

नागपूर

माझे बाबा कृषी खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी काटोल-वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात. निवृत्तीनंतर मी त्यांना ही पुस्तकं दिली. इंग्रजी सावकाश वाचायचे, पेन्सिलनं समासात खुणा करत. इंटरनेटवर यातलं काही त्यांनी कधी पाहिलं नाही.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. डेनेरिसला लहानपणीचं ब्राव्होसमधलं लाल दाराचं घर आठवतं आणि खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड. बाबा म्हणाले, "हे जमत नाही बाई. ब्राव्होस धुक्याचं, थंड, खाऱ्या पाण्यातलं गाव. लिंबाला ऊन पाहिजे, ताण पाहिजे, तेव्हा कुठे बहार धरतो. लिंबं तर दक्षिणेत, डॉर्नला होतात असं यानंच लिहिलंय. पोरीला कुणीतरी खोटं सांगितलंय. ते घर ब्राव्होसमध्ये नव्हतंच." मी थक्क झाले. जगभरचे वाचक ज्यावर वर्षानुवर्षं वाद घालतायत, ते माझ्या बाबांनी एका झाडावरून ओळखलं होतं. चौथ्या पुस्तकात ब्राव्होसला झाडं नाहीत असं वाक्य आलं, तेव्हा त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बाजूला लिहिलं, "पाहा."

२०२१ मध्ये बाबा गेले. त्याआधी काही दिवस त्यांनी विचारलं होतं, सहावं आलं का? मी म्हटलं, लेखक अजूनही डॉसच्या कॉम्प्युटरवर, जुन्या वर्डस्टारवर लिहितात, म्हणून उशीर होतोय. ते म्हणाले, "घाई नको करू म्हणावं. झाड मरते घाईनं." पुस्तक आलं की मी आधी लाल दार शोधणार आहे.

निफाड

नागपूरच्या ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. माणूस जाणकार होता. पण एक शंका विचारू का? थंडीत लिंबू अगदीच होत नाही असं नाही. दगडी भिंतीच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून लावलं, वाऱ्यापासून झाकलं, तर जगतं. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते. मी स्वतः विहिरीच्या कठड्याला लावलंय.

नागपूर

दादा, बाबा असते तर तुमच्याशी रात्रभर भांडले असते! आत्ता पुस्तक काढून पाहिलं. ते वाक्य पूर्ण असं आहे, की ब्राव्होसमध्ये झाडं नाहीत, बड्या लोकांच्या अंगणा-बागांखेरीज. बाबांनी दोन रेघा फक्त पहिल्या अर्ध्या भागाखाली ओढल्यात. म्हणजे ते घर कुणा बड्याचं होतं का? कुणाचं?