क्वाय नदीकाठचं कांचनाबुरी: कोण कोण जाऊन आलंय? (अनुभव धागा)

निशिगंधा_ठाणे
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी व्हिडिओ टाकला, "आपल्या कोकण रेल्वेचे विहंगम दृश्य, अभिमानाने पुढे पाठवा". बघते तर कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून हळूहळू जाणारी गाडी, खाली मातकट नदी आणि खिडकीत एक गोरा बाबा. अहो काका, हे थायलंड आहे, कांचनाबुरीच्या पुढचा थाम क्रासेचा पूल! ग्रुपवर काही बोलले नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून धागा काढला.

आम्ही बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळची साधी गाडी धरली होती. थर्ड क्लास, एसी नाही, परदेशी लोकांना तिकीट सरसकट १०० बाट. कांचनाबुरीपर्यंत अडीच-तीन तास, मग तो क्वाय नदीवरचा प्रसिद्ध पूल, आणि पुढे शेवटच्या नाम तोक स्टेशनपर्यंत अजून दोनेक तास. बहुतेक टूरवाले पुलावर फोटो काढायला लावून परत फिरवतात. खरी मजा पुलाच्या पुढे आहे, टॅपिओकाची शेतं, डोंगर, खिडकीतून आत घुसणाऱ्या फांद्या (डोकं आत ठेवा). थाम क्रासेला गाडी अगदी माणसाच्या चालीने जाते आणि सगळा डबा डावीकडे गोळा होतो. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती पूल संपला तरी थांबेना, शेवटी समोरच्या थाई आजींनी त्यांच्या हातावर थोपटलं. उतरल्यावर रुळालगतच्या गुहेत बुद्धाची मूर्ती आहे, तिथे मात्र सासूबाई सगळ्यात पुढे.

तुमचे अनुभव लिहा. कसे गेलात, कुठे राहिलात, काय खाल्लंत, सगळं.

भटका_रम्या
डावीकडे बसा हे जाताना. येताना उजवीकडे. लोक विसरतात आणि मग परतीला नदी दुसऱ्या बाजूला राहते

मिरजकर
एरावान धबधबा लिहा कुणीतरी. सात टप्पे आहेत, वर चढत जायचं, पाणी निळसर हिरवं. दुसऱ्या टप्प्यानंतर खायचं न्यायला बंदी, पाण्याच्या बाटलीला डिपॉझिट घेतात आणि बाटली परत दाखवली की पैसे परत. आपल्याकडच्या धबधब्यांवर हे सुरू करा राव, आंबोलीत पावसाळ्यात काय कचरा असतो बघवत नाही. आणि हो ते मासे! पाण्यात पाय घातला की चावायला येतात, चावतात म्हणजे गुदगुल्या, आमचे बंधू "साप साप" करत बाहेर. कांचनाबुरी बस स्टँडवरून साधी बस जाते, शेवटची परतीची बस दुपारी चारच्या आसपास असते ती चुकवू नका, नंतर टॅक्सीवाला म्हणेल तो भाव.

शाकाहारी_शिलेदार
खायचं काय??? कांदा लसूण चालतं पण मासे नको, तिथे म्हणे सगळ्यात फिश सॉस असतो

बँकॉकवासी
@शिलेदार असतोच. "चे" (थाई लिपीत เจ, म्हणजे कडक शाकाहारी) लिहिलेली पिवळी पाटी लाल अक्षरात दिसली की बिनधास्त जा, तिथे अंडं पण नसतं. कांदा लसूण पण नसतं पण ते तुम्हाला चालेल. नाहीतर चिकट भात, आंबा, केळी, सेव्हन-इलेव्हनचा ब्रेड. सोम तामला (कच्च्या पपईची कोशिंबीर) "फिश सॉस नको" सांगून उपयोग होतोच असं नाही, आधीच खलात पडलेला असतो.

आजी_ऑनलाईन
ठेपले न्यावेत. दशम्या पण टिकतात, दुधात मळलेल्या असल्या तर.

शाकाहारी_शिलेदार
आजी 🙏 दशम्यांची कृती टाका ना वेगळा धागा काढून

इतिहासवेडा_सातारा
थोडं गंभीर लिहितो. त्या निसर्गाखाली काय आहे ते माहीत करून जा. जपान्यांनी १९४२-४३ मध्ये बर्माला रसद पोचवायला ४१५ किमीची ही रेल्वे वर्षभराच्या आसपास बांधून घेतली. त्यासाठी राबवलेले दोस्त राष्ट्रांचे साठेक हजार युद्धकैदी, त्यातले १२ हजारांच्या वर मेले. गावातल्या युद्धस्मशानात जवळजवळ ७ हजार थडगी आहेत, गवत कापलेलं, बहुतेक दगडांवर नाव, वय. २२, २४, २३ असली वयं वाचत एक ओळ पूर्ण करणं जमत नाही. प्रवेशाच्या इमारतीत अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातल्या ११ जणांची नावं पण कोरलेली आहेत.

पण जे कैदी नव्हते त्यांचं काय? मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून फसवून नेलेले तमिळ मजूर, बर्मी, जावाचे लोक. ते दोन लाखांच्या घरात होते आणि मृत्यू कैद्यांच्या कितीतरी पट. त्यांना ना दगड ना नाव. पॉलरा, उपासमार, आणि जंगलात पुरलेले. गावात वाट थावोर्न नावाच्या देवळात त्यांचं स्मारक आहे, तिथे टूरची बस थांबत नाही. माझ्या मते पुलावरच्या सेल्फीआधी तिथे जाऊन यावं.

इतिहासवेडा_सातारा
*पॉलरा नाही कॉलरा. कीबोर्ड

निशिगंधा_ठाणे
आम्हाला हे देऊळ कुणी सांगितलंच नाही. स्मशानासमोरचं रेल्वे सेंटरचं म्युझियम मात्र बघितलं, दोन मजली आहे, छान मांडलंय.

भटका_रम्या
हेलफायर पासला जा. डोंगर हाताने फोडून केलेली खिंड, छिन्नी हातोड्याने. भिंतीत अजून तुटलेलं ड्रिल अडकलेलं दिसतं. रात्री मशालींच्या उजेडात काम चालायचं म्हणून ते नाव. ऑस्ट्रेलियन सरकारचं म्युझियम आहे, फुकट, ऑडिओ पण फुकट. जिने आहेत बरेच, गुडघेवाल्यांनी विचार करा. २५ एप्रिलला पहाटे ऑस्ट्रेलियन लोकांचा कार्यक्रम असतो त्या दिवशी गर्दी.

झोपाळू_अस्वल
पुलाचे मधले दोन गाळे वेगळे दिसतात ना? कमानी गोल आणि हे दोन चौकोनी. ते बॉम्बहल्ल्यात उडाले, युद्धानंतर बदलले. गाडी येते तेव्हा पुलावरच उभे असतो आपण, बाजूला छोटे कठडे केलेत त्यात सरकायचं. मुंबईत असं काही केलं तर टीसी सोडेल का 😂

मिरजकर
@अस्वल तुम्ही पण रेल्वेवाले का?

झोपाळू_अस्वल
वडील होते. मिरज जंक्शनलाच.

मिरजकर
अरे!! कुठल्या क्वार्टर्समध्ये? वैयक्तिक निरोप पाठवतो

सायली_न्यूजर्सी
वेळ असेल तर संखलाबुरी सोडू नका, बर्मा बॉर्डरकडे, कांचनाबुरीवरून व्हॅनने चारेक तास, वळणं अशी की मुलाला दोनदा थांबवावं लागलं. मोन जमातीच्या लोकांचं गाव, लांबच लांब लाकडी पूल. २०१३ च्या पुरात मधला भाग वाहून गेला होता, परत बांधला. पहाटे भिक्षू पुलाकडून येतात, बायका गालाला थनाका (झाडाच्या सालीचा लेप) लावून भात घेऊन उभ्या असतात. धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडालंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळापर्यंत पायी जाता येतं, एरवी नावेने. धरणाखाली गावं गेलेल्यांना हे बघून काय वाटेल ते मला माहितीये, आमचं आजोळ कोयनेत गेलं.

आजी_ऑनलाईन
कुठलं गो तुमचं आजोळ? आमच्याही ओळखीचे होते तिकडचे

बँकॉकवासी
कामाचं: १ मे २०२५ पासून विमानाने या नाहीतर रस्त्याने, थायलंडमध्ये येण्याआधी ऑनलाईन डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, बंद करा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघताना बघा. गावात फिरायला सोंगथाव (मागे बाकं असलेल्या पिकअप गाड्या) आणि स्कूटर, पण स्कूटरला लायसन्स हवं, नाहीतर इन्शुरन्स काही देत नाही.

नवखा_प्रवासी
गाडीत टॉयलेट आहे का हो? आई बरोबर आहे

निशिगंधा_ठाणे
आहे, भारतीय पद्धतीचं. पाणी असेलच असं नाही, बाटली आणि टिश्यू ठेवा.