वाचनालयाचे सहा पीसी: विंडोज ११ की लिनक्स? शनिवारच्या सभेआधी उत्तर हवं आहे

ग्रंथसेवक
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथला मानद सचिव. सहा पीसी आहेत. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना सारखी स्क्रीनवर येते. दुकानदार म्हणतो सगळे बदला, सहा पीसींचं कोटेशन दोन लाख चाळीस हजार. मंडळातले एक सदस्य म्हणतात विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली टाका, फुकट आहे. शनिवारी कार्यकारी मंडळाची सभा आहे. मला एवढंच सांगा, लिनक्स टाकलं तर चालेल की नाही? आणि खरंच फुकट असतं का? कृपया लवकर.

मुक्तस्रोत
टाका बिनधास्त. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर छान चालते. परवान्याचा खर्च शून्य. दरवर्षी अँटिव्हायरसचं नूतनीकरण नाही, परवान्याची 'की' शोधत फिरणं नाही. सध्याची २२ मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार. केरळकडे बघा. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून तिथल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या आणि आजही त्यावरच आहेत. शाळांना जमतं तर वाचनालयाला का नाही? दोन लाख चाळीस हजारांची पुस्तकं घ्या.

जुना_हार्डवेअरवाला
थांबा जरा. प्रोसेसर कोणता आणि कितवी पिढी? रॅम किती? जुनी फिरती हार्ड डिस्क की वेगवान एसएसडी? 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जे दिसेल ते इथे उतरवा. हे कळल्याशिवाय कोणी काही सांगत असेल तर तो अंदाजाने बोलतोय.

ग्रंथसेवक
प्रोसेसर इंटेलचा आहे. साधे ऑफिसातले पीसी आहेत. कामं नेहमीचीच: देवघेव, नोंदणी, पत्रव्यवहार, वर्गणीच्या पावत्या. दोन पीसी वाचकांसाठी. एवढ्यावरून सांगता येत नाही का?

जुना_हार्डवेअरवाला
नाही येत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमचा त्यात बसला तर अपग्रेड मोफत आहे, सहा नवे पीसी घ्यायचं कारणच उरत नाही. नाही बसला तर वेगळा विचार. म्हणून विचारतोय.

कोकणकडा
पैसे भरून विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आणखी काही काळ मिळतात. ३० डॉलर भरायचे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निर्धास्त. सभेत तेवढंच मंजूर करून घ्या, पुढचं पुढे बघता येईल.

सरकारी_लेखनिक
कोकणकडा, ३० डॉलरची योजना घरगुती वापरासाठी आहे, संस्थेसाठी नाही. संस्थांचा यादीतला दर पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. सहा पीसींचे पहिल्या वर्षी ३६६ डॉलर, दुसऱ्या वर्षी ७३२. शिवाय विंडोज अधिकृत पाहिजे. ग्रंथसेवक, तुमचं अधिकृत आहे ना?

ग्रंथपाल_ताई
दादा, माझा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकांची नोंद कशात आहे? कोणतं सॉफ्टवेअर, आणि मराठी कोणत्या फॉन्टमध्ये? प्रोसेसरपेक्षा हे आधी सांगा.

अंकगणित
हिशेबाच्या टॅलीचं काय करणार? टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणारं वाइन वापरून लिनक्सवर चालवणारे आहेत, पण मार्च एंडला अडकलात तर कोणी वाली नाही. माझ्या कार्यालयात तीन सीट आहेत, मी विंडोज सोडणार नाही.

ग्रंथसेवक
टॅली आमच्याकडे नाहीच. हिशेब लेखापरीक्षकांकडे कागदावर जातो.

मुलाला घेऊन बसलो आणि बघितलं. पाच पीसी आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. सहावा २०२० मध्ये देणगीतून आला, आय-थ्री दहावी पिढी, ८ जीबी. त्याच्यावर मूळचं विंडोज आहे. बाकी पाचांवर उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' असं फिकट अक्षरांत येतं, ते पहिल्यापासूनच येतं.

ताई, सॉफ्टवेअर २०११ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका माणसाने करून दिलं. आता त्याने तो धंदा बंद केला आहे, फोनही लागत नाही. मराठी नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. सुमारे १४ हजार नोंदी. प्रिंटर छोटा पांढरा लेझर, सगळ्या ऑफिसांत असतो तोच.

जुना_हार्डवेअरवाला
झालं काम सोपं. सहावा पीसी फुकटात ११ वर जाईल. उरलेल्या पाचांना ११ नाही. आता प्रिंटर. तुम्ही म्हणताय तो मला कळला. विंडोजच्या ड्रायव्हरवाचून तो मुका असतो, लिनक्सवर चालवायला मी दोन रविवार घालवले आणि शेवटी नाद सोडला. प्रिंटर घेताना लिनक्सचा ड्रायव्हर आहे की नाही हे आधी बघायचं असतं. सध्याचा प्रिंटर सहाव्या पीसीलाच राहू द्या.

घाटमाथा
इतकं कशाला? रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ११ ची पेनड्राइव्ह करा, टीपीएमची अट गाळता येते. माझ्या चौथ्या पिढीवर दीड वर्ष चालतंय.

सरकारी_लेखनिक
घरी चालवा. संस्थेत नको. अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि पाच पीसींचा परवानाच नाही, ते आधी बघा. कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. तुमची संस्था शासनाचं अनुदान घेते. दप्तरात परवान्याचं बिल असलंच पाहिजे.

ग्रंथसेवक
हे मला खरंच माहीत नव्हतं. त्या वेळी पीसी लावून देणाऱ्याने पीसीमागे पाचशे रुपये 'विंडोजचे' घेतले, त्याची पावतीही आहे. आम्हाला वाटलं तोच परवाना.

सरकारी_लेखनिक
तुम्हाला दोष देत नाही. हे गावोगावी झालंय. पण लिनक्सवाल्यांना एक सांगतो. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार पीसी बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. परवाना फुकट असला तरी माणसं फुकट नसतात.

मुक्तस्रोत
म्युनिकचा दाखला अर्धवट देऊ नका. तिथे राजकारण बदललं, आणि तक्रारींपैकी कितीतरी संगणक विभागाच्या कारभाराबद्दल होत्या, लिनक्सबद्दल नव्हत्या. दहा वर्षं एवढं मोठं शहर त्यावर चाललं हे विसरता.

सरकारी_लेखनिक
मी तेच म्हणतोय. कारभार बघणारं माणूस लागतं. केरळात शाळा बदलल्या त्या मास्टर ट्रेनर नेमून, हजारो शिक्षकांना शिकवून. तालुक्याच्या वाचनालयाला ते माणूस कोण देणार?

चाफेकळी
थोडं विषयांतर, पण मराठी टायपिंगचं काय? आमच्या कार्यालयातल्या बाईंना टाइपरायटरची सवय आहे, त्यांना इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे लिहायचं फोनेटिक जमत नाही.

मुक्तस्रोत
इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. भारतीय मानक आहे, विंडोजवर तोच, लिनक्सवर तोच, मोबाइलवरही मिळतो. पंधरा दिवसांत हात बसतो.

घाटमाथा
पन्नाशीच्या बाईंना पंधरा दिवसांत? मी फोनेटिकवर आहे आणि इनस्क्रिप्टवाल्यांपेक्षा वेगाने लिहितो. लिनक्समध्ये आयबस हे टायपिंगचं साधन टाकलं की फोनेटिकही मिळतं. सक्ती कशाला?

मुक्तस्रोत
सक्ती नाही. जोडाक्षरं इनस्क्रिप्टमध्ये नियमाने पडतात, एवढंच म्हणणं आहे.

ग्रंथपाल_ताई
टायपिंगसाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे. दादांची सभा शनिवारी आहे.

दादा, 'नेहमीचा मराठी फॉन्ट' म्हणालात तिथेच मला काळजी वाटली. नोंदीतलं एखादं पुस्तकाचं नाव कॉपी करून इथे चिकटवा. कखग दिसलं तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही पीसीवर मराठीच दिसणार. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसला तर तो जुना फॉन्ट आहे, आणि मग तुमची खरी अडचण विंडोजही नाही आणि लिनक्सही नाही. नव्या विंडोज ११ वर तो फॉन्ट नसेल तर तिथेही तोच गिचमिडा दिसणार. दोन लाख चाळीस हजार घालूनसुद्धा.

आमचं वाचनालय तुमच्यासारखंच, १८ हजार पुस्तकं. २०२२ मध्ये आम्ही कोहावर गेलो. कोहा हे वाचनालयासाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये तयार झालं. एका पीसीवर डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स टाकून ते बसवायचं, बाकीचे पीसी नुसत्या ब्राउजरमधून वापरतात. म्हणजे बाकीच्यांवर विंडोज असो की मिंट, देवघेव तीच. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखाच चालतो, त्याला ड्रायव्हर लागत नाही. रोज रात्री बॅकअप आपोआप निघतो. आम्ही फक्त तो शुक्रवारी बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि वहीत सही करतो.

वाचकांच्या दोन पीसींवर मिंट आहे, आणि लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुणा सत्र चालू केलंय. पूर्वी मुलं परीक्षेचा फॉर्म भरून मेल तसाच उघडा ठेवून जायची. दहावीच्या एका मुलीची गुणपत्रिका डेस्कटॉपवर आठवडाभर पडून होती, फोटो आणि पत्त्यासकट. आता मुलाने लॉगआउट केलं की सगळं पुसलं जातं. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते करण्यासारखं आहे.

आता आमचा खर्च. सहा एसएसडी १२ हजार. बाहेरची डिस्क आणि यूपीएसची बॅटरी मिळून ९ हजार. आणि फॉन्ट बदलल्यावर नोंदी तपासायला दोन मुली, तीन महिने, प्रत्येकीला महिना ६ हजार मानधन, म्हणजे ३६ हजार. एकूण ५७ हजार. यात परवान्याचा एक रुपया नाही, पण फुकट म्हणून मंडळाला सांगितलंत तर पुढच्या सभेत तुमचीच अडचण होईल. शिवाय वर्षाला १२ हजार एका मुलाला देतो, तो महिन्यातून एकदा येऊन अपडेट टाकतो आणि बॅकअप उघडून बघतो. सरकारी_लेखनिक म्हणतात ते माणूस हेच. ते पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवा.

अंकगणित
५७ हजारांत कामाचे तास धरलेत का? तुमचे स्वतःचे?

ग्रंथपाल_ताई
नाही धरले. माझे तीन महिन्यांचे रविवार गेले. ते मी वाचनालयासाठी दिले.

ग्रंथसेवक
ताई, चिकटवून बघितलं. गिचमिडाच आला. डेटा एमडीबी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये आहे, मुलाने शोधून काढली.

जुना_हार्डवेअरवाला
तोवर एक करा. मिंटची पेनड्राइव्ह बनवून एका पीसीवर ती तशीच चालू करा, इन्स्टॉल न करता. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, स्कॅनर, प्रिंटर सगळं तपासून सभेला जा.

ग्रंथसेवक
गुरुवारी संध्याकाळी केलं. पीसी चालू झाला, वायफाय लागलं. बारकोड स्कॅनर पहिल्या झटक्यात चालला, लिबरऑफिसमध्ये पुस्तकाचा क्रमांक उमटला. मराठी टाइप झालं. प्रिंटरचा दिवा लुकलुकतो, कागद बाहेर येत नाही, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच.

नेटवर मिळालेल्या परिवर्तकातून २५ नावं युनिकोडमध्ये करून बघितली. एकोणीस बरोबर. बाकीच्यात 'मार्च'चं 'माचर्' होतं आणि 'विज्ञान'चं 'िवज्ञान'.

ग्रंथपाल_ताई
रफार आणि पहिली वेलांटी, हे दोन हमखास चुकतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. दोन्ही चुका नियमाने होतात, म्हणून शोधा-बदला लावून बऱ्याचशा एकदम दुरुस्त होतील. लेखकांच्या नावातले ऱ्य आणि ऱ्ह मात्र डोळ्यांनी बघावे लागतील. १४ हजार नोंदींना आमच्यापेक्षा कमी वेळ लागेल.

ग्रंथसेवक
सभा झाली. सहा पीसींचं कोटेशन फेटाळलं. ठराव असा: देणगीतला पीसी विंडोज ११ वर, प्रिंटर त्यालाच. चार पीसींवर मिंट, एकावर कोहा. पाच एसएसडींसाठी तीन दरपत्रकं मागवायची. नोंदी तपासायला गावातल्याच दोन मुली, मानधनाला मंजुरी मिळाली. देखभालीची रक्कम वेगळी दाखवली, त्यावर अर्धा तास चर्चा झाली, पण पास झाली.

आता नवीन अडचण. एमडीबी फाइल उघडताना पासवर्ड मागते. तो त्या माणसाने २०११ मध्ये लावला होता, आमच्याकडे नाही. सगळा डेटा वाचनालयाचा आहे आणि आम्हालाच उघडता येत नाही. कोणी काही सुचवेल का? मुली सोमवारी येणार आहेत.

ग्रंथपाल_ताई
घाबरू नका. आमच्या फाइललाही होता. आधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. मग मिंटवर एमडीबी-टूल्स हे अशा फाइली वाचणारं साधन टाकून प्रतीवर चालवा. आमच्याकडे त्याने पासवर्ड विचारलाच नाही, सगळे तक्ते सरळ सीएसव्ही या साध्या मजकूर फाइलींत काढून दिले. तक्त्यांची नावं काय येतात ते इथे टाका, कोणत्यात पुस्तकं आणि कोणत्यात सभासद ते मी सांगते.